नोकरी लागली आणि पुस्तक मिटले!

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. कोर्टाचे काम आटोपून आम्ही संध्याकाळी आमच्या कार्यालयात बसलो होतो. एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर भिजलेला शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांचा गठ्ठा. "जयभीम वकीलसाहेब" म्हणून ते बसले. एका शासकीय कार्यालयात ते लिपिक होते. त्यांच्यानंतर नोकरीत आलेल्या दोघांना पदोन्नती मिळाली होती, यांना मिळाली नव्हती. ज्येष्ठता यादीत यांचा रुजू झाल्याचा दिनांक दोन वर्षे उशिराचा पडला होता. चूक कार्यालयाची होती, यात शंका नाही. कागद हातात घेताच आम्हाला ती दिसली.

आम्ही विचारले, "प्रारूप यादी आली तेव्हा हरकत घेतली होती का?" ते म्हणाले, "यादी टेबलावर आली होती साहेब. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली आणि पुढच्या टेबलावर सरकवली." आम्ही विचारले, "वाचली नव्हती?" ते गप्प बसले.

पदोन्नतीचा आदेश तीन वर्षांपूर्वीचा होता. या तीन वर्षांत त्यांनी साहेबांना चार अर्ज दिले होते. चारही अर्ज विनंतीचे होते, कोणत्याही नियमाचा आधार त्यात नव्हता. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे 'मॅट'मध्ये दाद मागायची तर १९८५ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. अर्जामागून अर्ज देत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यांना हे ठाऊक नव्हते. आम्ही विलंब माफीचा अर्ज केला, जमेल तेवढा युक्तिवाद केला. विलंबाचे समाधानकारक कारण दिसत नाही म्हणून तो फेटाळला गेला. एका माणसाची आयुष्यभराची पदोन्नती, त्यापुढचा पगार आणि निवृत्तीनंतरची पेन्शन एका न वाचलेल्या कागदात बुडाली.

निकालाच्या दिवशी ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "साहेब, चौदा एप्रिलला तुमचे भाषण आम्ही दरवर्षी ऐकतो. बाबासाहेबांनी 'शिका' सांगितले, हे तुम्ही सांगता. मी ते ऐकले. दोन्ही पोरं इंजिनिअर केली." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण आम्हाला तो लागला. कारण 'शिका' म्हणजे पोरांना शिकवा, असाच अर्थ आम्ही व्यासपीठावरून आजवर सांगत आलो होतो. समोर बसलेल्या चाळीस-पन्नाशीच्या कमावत्या माणसाने स्वतः काय शिकायचे, याबद्दल आम्ही एक वाक्यही कधी बोललो नव्हतो. त्यांच्या हातून झालेल्या चुकीत आमचा वाटा आहे, हे मान्य करूनच आम्ही पुढचे लिहीत आहोत.

वाचकहो, आपल्या समाजाने शिक्षणासाठी जे केले त्याला तोड नाही. बापाने हमाली केली, आईने धुणीभांडी केली, पण पोराची फी भरली. हा इतिहास आपण सर्वांनी आपापल्या घरात पाहिला आहे. पण या कष्टातूनच एक समजूत रुजली की शिक्षण म्हणजे नोकरीची शिडी. वर चढलो की शिडीचे काम संपले. नेमणुकीचा आदेश हातात पडला की पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, आणि त्याच दिवशी पुस्तक मिटते ते कायमचे. पुढची तीस-पस्तीस वर्षे वर्तमानपत्र आणि मोबाईल सोडून काही वाचले जात नाही. घरात बाबासाहेबांच्या ग्रंथांचे खंड असतात. काचेच्या कपाटात असतात. त्या कपाटाची किल्ली कुठे आहे, हे मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही.

ज्यांचे नाव घेऊन आपण शिकलो त्यांनी काय केले, ते या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. बाबासाहेब विद्यार्थिदशेत अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण सांगतो. पण त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग नोकरी करीत, संसार चालवीत आणि चळवळ उभी करीत झाला, हे आपण सांगत नाही. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. जहाजाने पाठवलेली पुस्तके युद्धात समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळाली नाही, प्यायला पाणी मिळाले नाही, शिपाई कागद लांबून टाकत. नोकरी सोडून मुंबईला यावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काहींनी हरकत घेतली. पगार चांगला होता. आपल्यापैकी कुणीही म्हटले असते की आता बस झाले, स्थिर झालो. बाबासाहेबांनी त्या पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला ते पुन्हा लंडनला गेले. जाण्यापूर्वी त्याच वर्षी जानेवारीच्या ३१ तारखेला 'मूकनायक' सुरू झाले होते.

लंडनच्या प्रबंधातही परीक्षकांनी फेरफार करायला सांगितले. त्यांनी मुंबईला परतून ते केले, प्रबंध पुन्हा पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. तर त्यांना रीतसर मिळाली १९२७ मध्ये. १९२७ हे कोणते वर्ष आहे, हे आपल्याला सांगायला नको. त्याच वर्षी २० मार्चला महाडचे चवदार तळे झाले. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, वकिली करीत, बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत, सत्याग्रहाचे नेतृत्व करीत हा माणूस पदवी पुरी करीत होता. अभ्यास आणि संघर्ष या दोन वेगळ्या वाटा त्यांनी कधी मानल्याच नाहीत. पुढे वाढत्या वयात त्यांनी पाली भाषेचा अभ्यास केला, तिच्या व्याकरणावर आणि शब्दकोशावर काम केले. शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात ते आज कुणालाही पाहता येते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीसुद्धा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या उशाशी होते. आता सांगा, त्यांचे शिक्षण कोणत्या वर्षी संपले?

कमावत्या माणसाचे शिक्षण हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. सावित्रीबाई स्वतः लग्नानंतर शिकल्या आणि मग शिक्षिका झाल्या. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी भरत. हेतू एवढाच की विद्यार्थ्याने सकाळी कॉलेज करावे आणि मग कामावर जावे. किती कारकून, किती टपाल खात्यातले कर्मचारी, किती गिरणीतले पोरगे त्या सकाळच्या वर्गांतून पदवीधर झाले! आम्ही स्वतः कायद्याची पदवी घेतली ती दिवसा नोकरी करून. लोकलमध्ये उभ्याने नोट्स वाचल्या आहेत. त्यामुळे "वेळ मिळत नाही" या वाक्याची किंमत आम्हाला कळते. वेळ खरोखरच मिळत नाही. पण आधी इतरांनी आपल्यासाठी सकाळ मोकळी करून ठेवली होती, हेही विसरता येत नाही.

मग आपला माणूस नोकरीत गेल्यावर शिकणे का थांबवतो? आळस हे उत्तर सोपे आहे, म्हणून ते खरे नाही. आमच्या वीस वर्षांच्या वकिलीत आम्हाला एक वेगळेच कारण पुन्हा पुन्हा दिसले. आपला माणूस विचारायला भितो.

नव्याने रुजू झालेल्या कुणालाही काम येत नसते. टिपणी कशी लिहायची, नस्ती कशी चालवायची, मशीन कसे लावायचे, हे कॉलेजात शिकवत नाहीत. ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारून येते. ज्याचा बाप, काका, मामा याच खात्यात होता, तो घरून निम्मे शिकून येतो आणि उरलेले बिनधास्त विचारतो. त्याने विचारले तर लोक म्हणतात, "मुलगा जिज्ञासू आहे." आपल्या मुलाने तेच विचारले तर पाठीमागे कुजबुज होते, "कोट्यातून आलाय, एवढंही येत नाही." हे एकदा कानावर पडले की तो पुन्हा विचारत नाही. न आलेले काम लपवतो. नवे काम अंगावर येऊ नये म्हणून मागच्या बाकावर बसतो. समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करतो, कारण वाचत बसलो तर समजत नाही असे दिसेल. दहा वर्षांनी तोच मागे पडलेला असतो आणि कुजबुज करणारा म्हणतो, "बघा, आम्ही म्हणत होतो." जातीने टाकलेला हा सापळा आहे आणि आपला माणूस त्यात स्वतःच्या पायाने चालत जातो. पिशवी घेऊन आलेल्या त्या गृहस्थांनी यादी का वाचली नाही, याचे उत्तर आम्हाला इथे सापडते.

या भीतीवर हल्ली बाजारात एक औषध विकले जाते. त्याचे नाव प्रेरणा. मोठा हॉल, मोठा पडदा, मोठ्याने संगीत. हजारो रुपये भरून दोन दिवस बसायचे. टाय लावलेला वक्ता सांगतो की तुमच्या अपयशाचे कारण तुमच्याच डोक्यात आहे, मानसिकता बदला, आरशासमोर उभे राहून मी जिंकणार म्हणा. आमच्या ओळखीतला एक तरुण अशा दोन शिबिरांना जाऊन आला. आठवडाभर तो उड्या मारत होता. तिसऱ्या आठवड्यात साहेबाने चार लोकांत पाणउतारा केला आणि तो होता त्यापेक्षा खाली बसला. कारण आता त्याच्या मनात एक नवा दोष तयार झाला होता. पूर्वी त्याला वाटे की अन्याय होतो आहे. आता वाटू लागले की आपली मानसिकताच कमी पडते.

उत्साह वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण जो उपदेश माणसाला त्याच्या परिस्थितीचे नाव घेऊ देत नाही, तो उपदेश मालकाच्या सोयीचा असतो. बाबासाहेबांनी बडोद्यात आरशासमोर उभे राहून काही म्हटले नाही. तिथे जे झाले त्याला त्यांनी अस्पृश्यता हेच नाव दिले, आणि ती मोडायला कोणते ज्ञान लागेल याचा हिशेब केला. अर्थशास्त्र लागेल, कायदा लागेल, इतिहास लागेल. मग ते शिकायला बसले. प्रेरणा अशी येते. कशासाठी शिकायचे हे ठरले की पहाटेचा गजर लागतो आणि माणूस उठतोही. प्रेरणा आधी आणि काम नंतर, असा क्रम आम्ही कुठे पाहिला नाही. रोज अर्धा तास बसले की महिन्याभरात गोडी लागते, हा साधा अनुभव आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना अखेरचा उपदेश केला तोही अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहता उद्योग करीत राहण्याचा. त्यात उड्या मारण्याचे कुठेच सांगितलेले नाही.

आता कुणी म्हणेल, वकीलसाहेब, तुम्हीही शेवटी पीडितालाच दोष देता. नियम पाठ केले म्हणून जातीयवादी अधिकारी काय पदोन्नती देणार आहे? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो अर्धा खरा आहे. शिकलेल्या माणसावरही अन्याय होतो. गोपनीय अहवालात हेतुपुरस्सर कमी शेरा मारला जातो, हे आम्ही कागदावर पाहिले आहे. पण याच गोपनीय अहवालांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये काय म्हटले ते पाहा. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या खात्यातले कार्यकारी अभियंता देव दत्त यांना एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला. ऐकायला काय वाईट आहे? पण पदोन्नतीला 'अतिशय चांगला' शेरा लागत होता, आणि आपला शेरा कमी आहे हे त्यांना कुणी कळवलेच नव्हते. न्यायालयाने सांगितले की शेरा वाईट असो, मध्यम असो की चांगला, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने यावर शिक्कामोर्तब केले. देव दत्त तोपर्यंत निवृत्त झालेले होते, पण त्यांच्या चिकाटीमुळे देशभरातल्या कर्मचाऱ्यांना हत्यार मिळाले. आता प्रश्न असा की आपल्यापैकी किती जणांनी गेल्या पाच वर्षांतले स्वतःचे शेरे पाहिले आहेत? शिक्षणाने अन्याय थांबेल असे आम्ही म्हणत नाही. अन्याय झाला हे वेळेत कळेल, त्याचे नाव सांगता येईल आणि मुदतीत दाद मागता येईल, एवढे आम्ही म्हणतो. त्यानंतरचा लढा लढावाच लागतो. पण जे कळलेच नाही त्याच्याविरुद्ध कोण कसा लढणार?

शिवाय जग थांबलेले नाही. आमचेच उदाहरण सांगतो. खुनाला कलम ३०२ आणि फसवणुकीला ४२० हे आमच्या जिभेवर बसले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८ झाले. वीस वर्षांची वकिली असलेल्या आम्हाला पुन्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखे वही घेऊन बसावे लागले. सुरुवातीला लाज वाटली. कोर्टात एका ज्युनिअर मुलीला कलम विचारावे लागले. तिने सांगितले, आम्ही लिहून घेतले. आकाश कोसळले नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने एकोणतीस केंद्रीय कायदे त्यांत गेले. ज्यांच्या पोटाचा प्रश्न या संहितांशी जोडलेला आहे, त्या सुरक्षारक्षकाने, सफाई कामगाराने, कंत्राटी नर्सने त्या वाचायच्या की नाहीत? कायम नोकरी असलेल्याचे न वाचता एकवेळ चालून गेले. कंत्राटावर असलेल्याचे अजिबात चालणार नाही. त्याच्या पाठीशी ना ज्येष्ठता यादी, ना पेन्शन. त्याची कमाई म्हणजे त्याला येणारे काम आणि त्याला माहीत असलेला हक्क.

मग करायचे काय? आम्ही उपदेश करून थांबणार नाही. त्या निकालानंतर आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही दर रविवारी सकाळी दोन तास वाचनाला बसू लागलो. पहिल्या रविवारी सहा जण आले, दुसऱ्या रविवारी चार. आमच्या मनात आले की बंद करावे. पण ठरवले की दोघे आले तरी बसायचे. आज पंधरा-वीस जण असतात. नियम साधे आहेत. पहिला, प्रत्येकाने आपल्या कामाचा एक कागद आणायचा. कुणी सेवापुस्तकाची नक्कल आणतो, कुणी पगाराची पावती, कुणी नेमणुकीचे पत्र. तो सर्वांनी मिळून वाचायचा. दुसरा, 'मला कळत नाही' असे म्हणणाऱ्याला कुणी हसायचे नाही. कचेरीत जे विचारता येत नाही ते इथे विचारायचे. तिसरा, ज्याला जे येते त्याने ते दुसऱ्याला शिकवायचे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका इंग्रजी अर्ज लिहायला शिकवतात. एक तरुण संगणक शिकवतो. महाराष्ट्र नागरी सेवा नियम, म्हणजे वर्तणुकीचे आणि शिस्त व अपिलाचे १९७९ चे दोन्ही नियम, आम्ही चार महिन्यांत सगळ्यांसोबत ओळीने वाचले. आम्हालाही त्यांतले बरेच नव्याने कळले.

या वर्गाला अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एक ताई येतात. शिक्षण सातवी. पहिले दोन महिने त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एका रविवारी आम्ही २०२२ च्या एप्रिलमधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा तो निकाल. ताईंनी तो कागद मागून घेतला. पुढच्या रविवारी त्या आल्या त्या वहीत आपल्या नोकरीची वर्षे मांडून, आणि सोबत आणखी तीन जणींना घेऊन. त्या तिघींना तो निकाल ताईंनीच समजावून सांगितला, आम्ही फक्त ऐकत होतो. त्यांची रक्कम हातात पडायला अजून झगडावे लागेल. पण त्या दिवशी त्या बाईच्या आवाजात जो बदल आम्ही ऐकला, तो कोणत्याही शिबिरात पैसे भरून मिळणार नाही.

ताईंच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट पुरुष वाचकांना स्पष्ट सांगायची आहे. रविवारी दोन तास यायला ताईंना शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक अर्धा करून ठेवावा लागतो. आपण अभ्यासाला बसलो की चहा समोर येतो. त्या बसल्या की "जेवण झालं का?" असा प्रश्न येतो. बाबासाहेब परदेशात शिकत असताना माता रमाईंनी हालअपेष्टा सोसून घर चालवले, हे सांगताना आपले डोळे भरून येतात. डोळे भरून येणे पुरे नाही. आपल्या घरातल्या बाईला रोज एक तास तिचा स्वतःचा मिळतो का, आणि त्या तासात भांडी कोण घासतो, हे पाहिले पाहिजे. घरातला एकच माणूस वाढत असेल तर ती समाजाची वाढ नव्हे.

आणि शेवटी आपल्यातल्या मोठ्या हुद्द्यावरच्या बांधवांना. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी ऐकतो आणि जयंतीच्या पावतीवर आकडा वाढवून मोकळे होतो. वर्गणी द्याच. पण तुमच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेला आपला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याला आठवड्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलवा. टिपणी लिहायला शिकवा. विभागीय परीक्षा किती संधींत आणि किती मुदतीत उत्तीर्ण व्हायची असते, नाही झाली तर ज्येष्ठतेचे काय होते, ते सांगा. तुम्ही स्वतः कुठे चुकलात तेही सांगा. घरून निम्मे शिकून येणाऱ्याला जे काका-मामा मिळतात, ते आपल्या पोरांसाठी तुम्ही व्हा. त्यासाठी वर्गणीची नव्हे, एका तासाची गरज आहे. समाजाचे ऋण तासांनीही फेडता येते.

ते पिशवीवाले गृहस्थ पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांची पदोन्नती गेली ती गेली. पण रविवारी सर्वांच्या आधी विहाराचे कुलूप तेच उघडतात. नव्या पोरांना ते एकच गोष्ट शिकवतात. कागद समोर आला की आधी तारीख वाचायची, मग आपले नाव वाचायचे, मग सगळा कागद वाचायचा, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि सही सर्वात शेवटी करायची. परवा एका पोराने त्यांना विचारले, "काका, तुम्ही आता निवृत्तीला आलात, तुम्हाला हे शिकून काय मिळणार?" ते म्हणाले, "पेन्शनचे कागद यायचेत अजून. ते मी वाचून सही करणार."

येत्या चौदा एप्रिलला आम्हाला पुन्हा भाषणाला बोलावले आहे. या वेळी 'शिका' म्हणताना आम्ही पोरांकडे बोट दाखवणार नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या तुमच्याकडे दाखवू, आणि आमच्याकडेही. कपाटाची किल्ली तेवढी शोधून ठेवा.

जयभीम!